नसलेल्या टेबलाला वळसा

१

दाराला किल्ली लावायच्या आधीच बाईंना वास आला. काहीतरी करपत होतं, आणि ते त्यांच्याच घरात करपत होतं.

दार उघडलं तर धुरामुळे स्वयंपाकघर दिसेना. नाकाला रुमाल लावून त्या आत शिरल्या, चाचपडत शेगडी बंद केली, खिडक्या सताड उघडल्या आणि मग फरशीवरच बसकण मारली. पातेल्याच्या तळाशी दुधाचा काळा थर उरला होता.

बाई एका छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितं तपासत होत्या. सगळी इमारत त्यांना प्रूफबाई म्हणायची. चूक शोधायची सवय नोकरीबरोबर सुटत नाही, त्यामुळे धुराने डोळे चुरचुरत असतानाही त्यांचं डोकं चाललं होतं. खांद्याच्या व्यायामाला त्या नऊ वाजता बाहेर पडल्या होत्या आणि आता साडेअकरा वाजले होते. अडीच तास शेगडी पेटती राहिली असती तर एव्हाना घराचा कोळसा झाला असता. म्हणजे ती मागाहून कोणीतरी पेटवली होती. त्यांनी फ्रिज उघडला. चहापुरती दुधाची पिशवी जशीच्या तशी होती. शेगडीवरचं दूध या घरातलं नव्हतंच!

चोर येतो, घेऊन जातो, हे समजू शकतं. दूध घेऊन येणारा चोर कसला?

त्यांनी टेबलाच्या खणातली, म्हणजे शयनघरातल्या लिहायच्या टेबलाच्या खणातली वही काढली. गेल्या महिन्याभरातल्या नोंदी होत्या. साखरेचा डबा शेगडीच्या उजवीकडून डावीकडे. भिंतीजवळची खुर्ची खिडकीशी. फुलदाणीतल्या कापडी फुलांना पाणी. कुलपाभोवती नवे ओरखडे. प्रत्येक नोंद मंगळवारची किंवा शुक्रवारची, म्हणजे बाई व्यायामाला जातात त्या दिवसांची. चोरीला काही नाही. त्यांनी खाली आजची, शुक्रवारची तारीख घातली.

फुलदाणीत बोट घालून पाहिलं. पाणी ताजं होतं.

"काकू," दारातून आवाज आला. समोरच्या घरातला घरांचा दलाल नाकाला रुमाल लावून उभा होता. "घाबरू नका. मी तुमच्या मुलाला फोन केलाय."

बाई खऱ्या घाबरल्या त्या तेव्हा.

२

मुलगा शहराच्या दुसऱ्या टोकाहून तासाभरात आला. त्याने पातेलं पाहिलं, वही पाहिली, आणि आईचा हात हातात घेतला. तो ओरडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

"आई, तूच दूध आणलं असशील. विसरलीस."

"मला दूध सोसत नाही, हे तू विसरलास."

"बरं. मग कोण आलं? किल्ल्या किती आहेत?"

"तीन. एक माझी, एक तुझी, एक सिस्टरची."

"मी ऑफिसात होतो. आणि सिस्टरमावशी तुझ्या घरात चोरून येऊन दूध तापवतात?" तो हसला. बाईंनाही क्षणभर हसू आलं. खालच्या मजल्यावरच्या सिस्टर म्हणजे बावीस वर्षांची मैत्रीण. मोठ्या इस्पितळात वॉर्ड सांभाळून निवृत्त झालेल्या. त्यांच्यावर संशय घ्यायचा तर स्वतःच्या उजव्या हातावर घ्यावा.

"मग एकच उरतं ना गं," मुलगा हळूच म्हणाला. त्याने बॅगेतून एक घडीपत्रक काढलं. बाग, बाक, हसणारे म्हातारे. "चांगली जागा आहे. चोवीस तास डॉक्टर. एक खोली रिकामी झालीय. पुढच्या रविवारी मी अर्ज घेऊन येतो."

"आणि हे घर?"

"बघू की."

बाईंनी पत्रकावरचं पहिलं वाक्य वाचलं. त्यात छपाईची एक चूक होती. ज्यांना चार ओळी धड छापता येत नाहीत त्यांच्या ताब्यात आपण जायचं, या विचाराने त्यांना रडूच आलं. या घरात त्यांचा संसार झाला होता. नवरा याच बाहेरच्या खोलीत, खिडकीपासून मध्यापर्यंत आलेल्या खाटेवर तीन वर्षांपूर्वी गेला. खाट कोणाला तरी देऊन टाकल्यापासून खोलीचा मधला भाग मोकळाच होता. बाईंना तो तसाच हवा होता.

"मला रविवारपर्यंत वेळ दे," त्या म्हणाल्या. "कोण येतं ते मी शोधून काढते. नाही सापडलं तर सही करते."

मुलाने मान डोलावली, पण खांदे पाडून. तो गेल्यावर बाई खिडकीत उभ्या राहिल्या. मागच्या गल्लीत, फाटकापाशी, तो दलालाशी बोलत उभा होता. दलालाने वर, बाईंच्या खिडकीकडे बोट दाखवलं आणि मुलाने मान हलवली. हा दलाल वर्षभर त्यांच्या मागे लागला होता, काकू, विकायचं झालं तर आधी मला सांगा म्हणून.

बाई पडद्याआड सरकल्या. आपल्याच पोटच्या मुलापासून लपायची वेळ त्यांच्यावर आजवर आली नव्हती.

३

"संशयाने रोगी बरा होत नाही," सोमवारी सिस्टर म्हणाल्या. "तपासणी करायची. चल वर."

दोघी बाजारातून येत होत्या. इमारतीत यायचं म्हणजे सध्या एक दिव्यच होतं. नवी लिफ्ट बसवायला पुढचं दार महिन्याभरापासून पत्रे ठोकून बंद केलेलं. सगळी वर्दळ मागच्या गल्लीतल्या फाटकाने. इमारत उतारावर असल्याने ते फाटक थेट पहिल्या मजल्याच्या सज्जात उघडायचं. भरीस भर, जिना नुकताच रंगवलेला. भिंती करड्या, दारं करडी. मजल्यांचे आकडे रंगाखाली गेले होते आणि दारांवरच्या पाट्या काढून सेक्रेटरीच्या घरात रचून ठेवल्या होत्या. पाहुणे भलत्याच दारांवर टकटक करत होते.

सिस्टर गुडघ्यांवर हात देत चढायच्या आणि प्रत्येक मजल्याला आकडा मोठ्याने म्हणायच्या. वॉर्डातली मोजायची सवय. कात्र्या मोजायच्या, चादरी मोजायच्या, तसे मजले.

"एक... दोन... तीन. आलं घर," त्या धापा टाकत म्हणाल्या आणि बाईंनी दार उघडलं.

तपासणी अगदी यथासांग झाली. सिस्टरनी कुलपावरचे ओरखडे पाहिले. "ज्याची किल्ली नीट बसते तो असे ओरबाडे काढत नाही. आधी चुकीची किल्ली घातलीय कोणीतरी." मग त्यांनी समोरची बेल वाजवली आणि दलालाला रोग्यासारखं दारात उभं केलं.

"शुक्रवारी तुम्ही घरी होतात?"

"होतो ना. दहाच्या पुढे काकूंच्या घरात भांड्यांचा आवाज येत होता. कोणीतरी गुणगुणतही होतं."

"पुरुष?"

"बाईमाणूस. मला वाटलं काकूच आहेत." दलालाने बाईंकडे बघून नजर फिरवली. "म्हणजे... असतीलही."

दार बंद झाल्यावर बाई म्हणाल्या, "मला गाणं येत नाही."

"माहितीये. ऐकलंय," सिस्टर म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी बाई मनापासून हसल्या.

कामवाली राहिली. ती दुपारी तीनला येते, तिच्याकडे किल्ली नाही, आणि शुक्रवारी सकाळभर ती चार इमारती पलीकडे जिने पुसत होती हे तिथल्या सगळ्यांनी सांगितलं. "आजी," ती बिचारी म्हणाली, "मी तुमच्या घरात आले तर काम करायला लागेल ना, फुकट कशाला येईन?"

सिस्टरनी हसत हसत पावडरचा डबा मागितला.

"औषधांच्या कपाटातून गोळ्या जायच्या आमच्याकडे. कपाटासमोर पावडर भुरभुरली, दुसऱ्या दिवशी चोर हातात. उद्या निघताना बाहेरच्या खोलीत पातळ थर टाक. तुझी फरशी काळी आहे, छान दिसेल. आणि कोणालाही सांगू नकोस."

"तुझ्याशिवाय कोणाला सांगणार?"

निघताना सिस्टर दारात थबकल्या. जिना उतरायचा की चढायचा हे ठरवत असल्यासारख्या क्षणभर उभ्या राहिल्या, मग "जाते गं" म्हणून खाली गेल्या. गुडघे फारच दुखत असतील, असं बाईंना वाटलं.

४

मंगळवारी साडेअकराला बाईंनी दार उघडलं आणि त्या उंबऱ्यावरच थांबल्या.

पावलं उमटली होती.

अनवाणी, लहान, बाईमाणसाची. आलेला माणूस चपला बाहेर काढून शिस्तीत आत आला होता. पावलं दारापासून सरळ चार ढांगा गेली, आणि मग उजवीकडे वळली. खोलीच्या मध्यभागी कशाला तरी गोल वळसा घालून पुन्हा सरळ स्वयंपाकघराकडे. परततानाही तसाच वळसा. खोलीच्या मध्यभागी तर काहीही नव्हतं!

तिथे काही नसताना माणूस वळून जातो कशाला? तिथे काय दिसत होतं त्याला?

आणि मग त्याहून वाईट विचार आला. तिथे पूर्वी खाट होती. त्या खाटेला वळसा घालून चार वर्षं रोज कोण चाललं होतं? औषधाच्या वेळा सांभाळत, अनवाणी, आवाज न करता?

म्हणजे मीच? मी व्यायामाला जातच नाही का? की जाते, आणि मध्येच परत येते, आणि मला आठवत नाही? मुलगा बरोबर बोलत होता का?

आपण वेडे होतोय की काय ही भीती चोराच्या भीतीसारखी नसते. तिला कडी लावता येत नाही.

अखेर एकतीस वर्षांची सवय कामी आली. संशय आला की मूळ प्रतीशी ताडून पाहायचं. बाईंनी चप्पल काढली, एका कोऱ्या कोपऱ्यात पावडर भुरभुरली आणि आपला उजवा पाय त्यात दाबला. मग खाली वाकून दोन्ही ठसे पाहिले.

बाईंचे पाय सपाट होते. लहानपणी सगळे बदकपाय म्हणून चिडवायचे. त्यांचा अख्खा तळवा उमटला होता, टाचेपासून बोटांपर्यंत सलग. आलेल्या पावलात टाच वेगळी, चवडा वेगळा आणि मध्ये कोरी जागा होती.

"मी नाही," बाई मोठ्याने म्हणाल्या. त्यांना हुंदकाच फुटला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपल्या बदकपायांचे आभार मानले.

मुलाचे पाय होडीएवढे, म्हणजे तोही नाही. दलालाचेही नाहीत. बाईंचा जीव निम्मा हलका झाला. मग त्यांनी शिवणाच्या डब्यातला खडू घेतला आणि पावलं ज्याला वळसा घालत होती ती जागा आतून आखली. खाट लांबट होती आणि खिडकीला लागून होती. हा आकार खाटेचा नव्हता.

फरशीवर उमटला तो गोल. चांगला चार फूट रुंद, आणि खोलीच्या बरोब्बर मधोमध.

जो या घरात वावरला आहे, मग तो मुलगा असो, दलाल असो की कामवाली, त्याला तिथे काही नाही हे माहीत होतं. कोणाचे पाय या जागी काहीतरी गोल आहे असं धरून चालत होते?

५

बुधवारी सकाळी दार आपोआप उघडलं आणि सिस्टर भाजीची पिशवी घेऊन आत आल्या. हल्ली त्या अशाच यायच्या, बेल न वाजवता, आपल्या किल्लीने. "आलीस होय?" त्या म्हणाल्या, आणि लगेच गोंधळून हसल्या. "म्हणजे मी आले."

गेल्या महिन्याभरात ही गंमत तीन-चारदा झाली होती. बाई दर वेळी हसल्या होत्या. आज त्यांना हसू आलं नाही, आणि का नाही आलं ते त्यांनाही कळलं नाही. पावडरीचा विषय सिस्टरनी काढला नाही. काल काय झालं, चोर सापडला का, एका शब्दाने विचारलं नाही.

"आज तुझ्याकडे चहा पिऊ," बाई म्हणाल्या.

दोघी एक मजला उतरल्या. सिस्टरच्या घरी बाई शेकडो वेळा गेल्या होत्या, पण आपल्याच घराकडे जसं कधी कोणी नीट बघत नाही तसं त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं. आज त्या दारातच थांबल्या आणि मजकूर वाचावा तसं घर वाचत गेल्या.

खिडकीशी खुर्ची. सिस्टर तिथे बसून भाजी निवडत. फुलदाणीत खरी फुलं, पाण्यात. स्वयंपाकघरात शेगडीच्या डावीकडे साखरेचा डबा. शेगडीवर दुधाचं पातेलं. सिस्टर अकराला कपभर दूध घेतात, वर्षानुवर्षं. भिंत तीच, खिडकी तीच, खोली तीच, फक्त एक मजला खाली.

आणि खोलीच्या मधोमध गोल टेबल. सिस्टर त्याला उजवीकडून वळसा घालून, गुणगुणत, आत गेल्या.

बाईंनी दाराची चौकट धरली. त्यांनी खाली पाहिलं. दारातल्या काळ्या पायपुसण्यावर पांढरी पावडर होती, पावलांच्या आकाराची. टाच वेगळी, चवडा वेगळा.

"साखर किती?" आतून सिस्टरनी विचारलं. बावीस वर्षं बाई बिनसाखरेचा चहा पीत होत्या.

६

शुक्रवारी बाई व्यायामाला गेल्या नाहीत. शयनघराचं दार बोटभर उघडं ठेवून त्या पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या.

दोन रात्री त्यांना झोप नव्हती. सिस्टरनी हे मुद्दाम केलं असेल? आपल्याला वेडं ठरवायला? मग पावडरचा सापळा स्वतःच कशाला सुचवला? आपणच लावलेल्या सापळ्यात माणूस मुद्दाम पाय ठेवत नाही. ज्याला सापळा आठवतच नाही तोच ठेवतो. यातलं कुठलं उत्तर जास्त भयंकर, हे बाईंना ठरवता येत नव्हतं.

दहा वाजून गेले. जिन्यातून आवाज आला.

"एक..."

बाई दाराच्या फटीशी सरकल्या.

"दोन..."

पुढच्या दाराने आलं की तळमजल्यापासून तीन जिने चढून सिस्टरचं घर. बावीस वर्षं तीन. मागचं फाटक पहिल्या मजल्यावर उघडतं. तिथून दोनच चढायचे. दारांवर पाट्या नाहीत, आकडे नाहीत. पाय मात्र तीनच मोजतात.

"तीन. आलं घर."

कुलपात किल्ली खरखरली. बसेना. निघाली, दुसरी आत गेली, फिरली. एकाच कडीत दोन किल्ल्या. पहिली नाही लागली तर दुसरी. चपला बाहेर काढल्याचा आवाज. पावलं आली, चार सरळ, आणि मग वळली. बाईंनी फटीतून पाहिलं. पावडर त्यांनी पुसली होती, पण खडूचा गोल तसाच ठेवला होता. सिस्टर त्याच्याकडे न बघता, त्याच्या कडेकडेने, गुणगुणत गेल्या. शेगडी पेटली. फुलदाणीत पाणी पडलं. खुर्ची खिडकीशी ओढली गेली.

बाई बाहेर आल्या.

"आलीस होय?" सिस्टर प्रसन्नपणे म्हणाल्या. "बस. दूध ठेवलंय."

"सिस्टर, फुलांना पाणी घातलंस?"

"घालायला नको? सुकतील."

"हात लाव त्यांना."

सिस्टरनी पाकळी चिमटीत धरली. धरून ठेवली. मग त्या हळूहळू उभ्या राहिल्या आणि भिंतींकडे, शेगडीकडे, खडूच्या गोलाकडे बघू लागल्या. बाईंनी आधी शेगडी बंद केली.

"हे माझं घर नाही," सिस्टर म्हणाल्या.

"नाही."

"किती दिवस?"

"महिना होऊन गेला. मी असले की आपण चहा पितो. नसले की..."

"ते पातेलं." सिस्टर शेगडीकडे वळल्या. "मीच. देवा, मी तुला जाळलं असतं." मग वॉर्डातल्यासारखा कोरडा आवाज आला. "मधूनच मी जिन्यात उभी असते आणि कशाला उभी आहे ते कळत नाही. मला वाटायचं वय झालं. वॉर्डात असे कितीतरी सांभाळले गं मी. आतून असं असतं हे माहीत नव्हतं."

बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले.

"माझ्या मुलीला कळवू नकोस," सिस्टर एकदम लहान पोरीसारख्या म्हणाल्या. "ती मला कुठेतरी नेऊन ठेवेल. खोलीत. बाहेरून कडी लावून. मला भीती वाटते गं, फार भीती वाटते."

रविवार दोन दिवसांवर होता. खरं काय ते सांगितलं की बाईंचं घर वाचत होतं. एकच वाक्य पुरे होतं.

"नाही सांगणार," बाई म्हणाल्या. "कोणालाच."

७

रविवारी मुलगा अर्ज घेऊन आला. "सापडलं का गं कोणी?" त्याने विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती. खरोखर सापडावं असंच त्याला वाटत होतं, आणि तेच बाईंना सोसवेना.

"नाही," त्या म्हणाल्या.

त्यांनी पेन हातात घेतलं. अर्ज वाचला, सही करायच्या आधी न वाचणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तिसऱ्या ओळीत चूक होती, ती दुरुस्त केली. मग सहीची जागा शोधली. खिडकीतून बाहेर बघायचं त्यांनी टाळलं.

कुलपात किल्ली खरखरली. बसली नाही. दुसरी बसली.

दारात सिस्टर होत्या. पांढरे कडक कपडे, छातीवर उलटं टाचलेलं जुनं घड्याळ. निवृत्तीनंतर ते कोणी पाहिलं नव्हतं. हातात एक कागद होता.

"उठू नकोस," त्या मुलाला म्हणाल्या. "मी चार्ज द्यायला आलेय. पाळी संपली की पुढच्या सिस्टरला रोग्याची माहिती द्यायची असते. काही लपवायचं नसतं. लपवलं की रोगी दगावतो." त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला. "रोगी बाई. वय एकाहत्तर. नाव, वार, तारीख सांगते. मजला चुकते. दुसऱ्याच्या घरात शिरते, कारण तिचे पाय जुनं मोजतात. केलेलं विसरते. एकदा शेगडीवर दूध ठेवून निघून गेली. अशी गोष्ट एकदा झाली तरी खूप झाली." त्यांनी कागदाची घडी घातली. "रोगी म्हणजे मी. तुझी आई ठणठणीत आहे, बाळा. माझ्यासाठी तोंड शिवून सही करायला निघाली होती, तेवढा एक मूर्खपणा सोडला तर."

बाई रडत होत्या. मुलगा उभाच राहिला. त्याने आईकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, फरशीवरच्या खडूच्या गोलाकडे पाहिलं.

"आई, मी त्या दलालाला सांगितलं होतं, जरा आईवर लक्ष ठेवा म्हणून," तो म्हणाला. "तुझ्यावर. दारावर ठेवायला सांगायला हवं होतं." आणि त्याने तो अर्ज चार तुकडे करून खिशात कोंबला.

दुपारभर तिघं बसले. सिस्टरच्या मुलीला फोन लागला, आणि बोलल्या सिस्टर स्वतःच; बाईंनी नुसता हात धरून ठेवला. डॉक्टरांची वेळ ठरली. सिस्टरच्या घरी शेगडीऐवजी आपोआप बंद होणारी किटली येणार होती. मुलीने येऊन पाहीपर्यंत कोणी कोणाला कुठे नेणार नव्हतं. त्यापुढचं कोणालाच माहीत नव्हतं आणि माहीत असल्याचं सोंग कोणी केलं नाही.

मुलाने रंगाचा डबा आणून सिस्टरच्या दारावर हातभर मोठा लाल तीन काढला. "आणखी काय करू? सांग ना," निघताना तो म्हणाला. त्याला काहीतरी जड उचलायचं होतं, हे आईला कळलं.

"माळ्यावर तुझ्या बाबांचं जुनं गोल टेबल आहे. खाली काढ."

"ठेवू कुठे?"

बाईंनी खडूचा गोल दाखवला.

मंगळवारी त्या घरीच होत्या. व्यायामाची वेळ त्यांनी दुपारची करून घेतली होती. दहाच्या सुमाराला जिन्यातून आकडे आले. एक. दोन. बाई कान देऊन थांबल्या. लाल आकड्यापाशी पावलं अडखळली, थांबली. मग पुन्हा चढू लागली.

"तीन. आलं घर."

पहिली किल्ली लागली नाही, दुसरी लागली. सिस्टर आत आल्या, चार पावलं सरळ, मग उजवीकडून वळसा घालून पुढे. जाता जाता त्यांनी टेबलाच्या कडेवरून हात फिरवला.

"आलीस होय?" त्या म्हणाल्या.

"आले," बाई म्हणाल्या, आणि शेगडीच्या डावीकडून साखरेचा डबा काढला.